तीन टिंबे, माझ्या हातची

१८ जानेवारी, शनिवार, सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटे. माझ्या वहीतली त्या कामाची पहिली नोंद अशी आहे : "पाते क्रमांक एक भट्टीबाहेर. हवा १२ अंश, तेल ४० अंश, पाते ८३६ अंश." हवेचे आणि तेलाचे तापमान मी साध्या तापमापकाने घेतले होते, पात्याचे, बंदुकीसारख्या दिसणाऱ्या एका यंत्राने, दीड हात अंतरावरून. लोहारकाकांनी यंत्राकडे पाहिलेही नाही. ते निखाऱ्यांकडे पाहत होते. पडद्यावर आकडा उमटण्याआधीच ते "झालं" म्हणाले, सांडशीने पाते उचलले आणि सरकीच्या तेलात बुडवले. मला हवा असलेला आकडा ८३५ होता. फरक एका अंशाचा. वहीत त्या नोंदीपुढे मी कंसात एक शब्द लिहिलेला आहे : "योगायोग".

मला लाज वाटते ती त्या शब्दापासून. बाकीच्या गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

काकांची शाळ, म्हणजे भट्टी, ऐरण आणि वर चार पत्रे, पांढरकवड्याहून हैदराबादच्या बाजूने निघालेल्या महामार्गाला लागून असलेल्या एका गावाच्या तोंडाशी आहे. ट्रकच्या मोडक्या कमानींचे, म्हणजे स्प्रिंगांचे, पट्टे तिथे सहज मिळतात; त्यांच्यापासून ते विळे, कुऱ्हाडी आणि वखराची लोखंडी पाती घडवतात. लोखंडाला पाणी देण्याचे काम, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कठीण करण्याचे काम, ते सूर्य वर येण्याआधीच उरकतात. पहिल्याच भेटीत मी कारण विचारले होते. "उजेड चढला का रंग खोटा दिसते, मॅडम," ते म्हणाले. "दुपारी जे लाल वाटते ना, ते पहाटे पाह्यलं त पिवळं निंगते. मंग धार काचेवानी फुटते." हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे. मी ते वहीत उतरवले, पण "लोकपरंपरा" या मथळ्याखाली.

मी यवतमाळची. आमच्या घरात दोन पिढ्या कचेरीत काम करत आल्या. वडील अभिलेख विभागातून निवृत्त झाले. मी नागपूरला धातुशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि त्यानंतर, कोणाच्या तरी प्रयोगशाळेत कोणाचे तरी नमुने घासत बसण्याऐवजी, स्वतःच्या नावाची एखादी वस्तू जगात असावी असे मला वाटू लागले. अशातच रानावनात वापरायचे साहित्य बनवणाऱ्या एका संस्थेने प्रस्ताव मागवले. जंगलात पायी फिरणाऱ्या माणसाला एकट्याने तग धरता येईल असा सुरा हवा होता. आराखडा धातुतज्ज्ञाचा आणि घडण स्थानिक कारागिराची, अशी अट होती. निवडलेला सुरा आराखडा करणाऱ्याच्या नावाने निघणार होता. ती शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते नोंदलेले नाही.

आराखड्याचे काम मी चांगले केले, हे सांगायला हरकत नाही. पांढरकवड्याच्या पलीकडच्या जंगलात गस्त घालणाऱ्या आठ वनमजुरांशी मी तीन दिवस बोलले. सुऱ्याचे काय काम पडते, असे विचारल्यावर त्यांनी दिलेली उत्तरे कोणत्याही परदेशी पुस्तकात नव्हती. बांबू तोडणे आणि वाळले लाकूड फाडणे तर होतेच; पण डुकरांसाठी लावलेला तारेचा फास झाडाच्या बुंध्यापासून उचकटणे, झऱ्यातली रेती उकरून पाणी काढणे, पायात रुतलेला काटा सुऱ्याच्या टोकाने काढणे, हेही होते. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर मजुराने मला हसत सांगितले होते, "आनि मॅडम, कांदा कापता आला पाह्यजे. वाघ रोज नाई भेटत, कांदा रोज कापा लागते." त्या सगळ्यावरून पाते साडेअकरा सेंटिमीटरचे, जाडी पाच मिलिमीटर, टोक मध्यरेषेच्या किंचित खाली आणि मूठ धावड्याच्या लाकडाची असे ठरले. काठिण्याचा आकडा मी ५७ धरला होता. इतपत कठीण पोलाद धार टिकवते आणि घावही सोसते.

मग एका रात्री एका परदेशी सुऱ्याच्या माहितीपत्रकात मला ६० हा आकडा दिसला. माझ्या आराखड्यात ५७ वर एक आडवी रेघ आहे आणि वर ६० लिहिलेले आहे. काठिण्य वाढवले की पोलाद ठिसूळ होते, हे मला परीक्षेत विचारले होते आणि मी त्याचे उत्तर आलेखासह दिले होते.

काकांची पद्धत वेगळी होती. ते फक्त धारेची बाजू तेलात बुडवत, पाठ बाहेर ठेवत. पाठीत उरलेली ऊब हळूहळू धारेकडे उतरे, तिचे रंग पालटत, आणि सोनेरीचा जांभळा होऊ लागला की ते सगळे पाते बुडवून मोकळे होत. धार कठीण, पाठ चिवट. मी मात्र सांगितले की पाते सबंध बुडवायचे आणि ठिसूळपणा उतरवणारी पुढची ऊब मी घरी, माझ्या हिशेबाने देईन.

"सबंध?" काका म्हणाले. "पाठीले कायले पानी? पाठीनं का कापाचं हाये?"

"सगळीकडे काठिण्य सारखे हवे, काका. तसे लिहून दिले आहे."

काकू घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत होत्या. भट्टीवर घण त्याच मारत; काका लहान हातोडीने जागा दाखवत आणि काकूंचा घण नेमका तिथे पडे. त्या म्हणाल्या, "द्या ना हो सबंध. इंजनेर बाई हायेत त्या. बंदूक हाये त्यायच्यापाशी." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमच्या बंदुकीनं चहात साखर किती हाये ते समजते का?"

सगळे हसले, मीही हसले. पाते सबंध बुडवले गेले.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला आईच्या केक भाजायच्या ओव्हनमध्ये मी त्या पात्याला ऊब दिली. ५७ साठी जितकी लागली असती त्यापेक्षा बरीच कमी, कारण मला ६० हवे होते. त्यानंतर पाच दिवस मी ते पाते घासले. आठव्या क्रमांकाच्या पॉलिश कागदानंतर त्यात माझा चेहरा दिसू लागला. मी त्याची छायाचित्रे काढली आणि सादरीकरणात घातली. एका पानावर काकांच्या एका जुन्या विळ्याचे छायाचित्र होते. विळ्यावर मुठीजवळ उठवलेली तीन टिंबे होती आणि खाली माझी ओळ : "पारंपरिक कारागिराची खूण."

त्या टिंबांविषयी आता सांगायला हवे. काकांच्या भट्टीवरून कोणतेही पाते तसेच बाहेर जात नाही. ऐरण ज्या चिंचेच्या ठोकळ्यात बसवली आहे त्याला एक फट आहे. काका पात्याचे टोक त्या फटीत अडकवतात, एका बाजूला चांगले वाकवतात आणि सोडतात. पाते सरळ परत आले पाहिजे. मग पाते उभे धरून ऐरणीच्या कडेवर पाठीकडून तीन घाव घालतात. सोसले, तर छिन्नीने मुठीजवळ तीन टिंबे. एका घावाचे एक. हे करताना ते बोलत नाहीत. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा एक कोरी कुऱ्हाड दुसऱ्या घावाला तडकली होती आणि काकांनी ती शांतपणे भंगारात टाकली होती. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "मोडाचं असन त माह्या अंगनात मोडू दे. रानात मोडलं त मानूस एकटा असते."

हे वाक्यही मी "लोकपरंपरा" याच मथळ्याखाली लिहिले.

२५ जानेवारीला सकाळी साडेसातला मी पॉलिश केलेले पाते घेऊन काकांच्या भट्टीवर पोचले. मुक्काम पांढरकवड्याला आत्याकडे होता आणि स्कूटर तिचीच होती. त्याच दिवशी दहा वाजता जंगलाच्या फाटकापाशी प्रात्यक्षिक ठरले होते. संस्थेचे एक गृहस्थ येणार होते आणि ते आठ वनमजूरही. काकांनी मूठ बसवली, दोन्ही खिळे बेमालूम ठोकले, सुरा हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "वजन लय सुंदर साधलं." त्या शब्दांचा मला झालेला आनंद खरा होता. मग ते उठले आणि चिंचेच्या ठोकळ्याकडे गेले.

"नको, काका."

"काहून?"

"चरे पडतील. दहा वाजता दाखवायचा आहे. दुसरे पाते नाही माझ्याकडे."

"चरा पडन त घासजो. मोडला त समजन."

"तो मोडणार नाही. मी हिशेब केला आहे."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. राग नव्हता त्यात. दुसऱ्या गावच्या रस्त्याने निघालेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. सुरा त्यांनी माझ्या हातात दिला. "बरं. तुह्या हिशेबावर तू ने. पन मंग टिंबं नाई."

मी समजावले. सादरीकरणात खूण दाखवली आहे, अट स्थानिक कारागिराची आहे, खूण नसली तर प्रश्न येतील. त्यांनी मान हलवली. "घाव खाल्ला का टिंब. घाव नाई त टिंब नाई." एवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेविषयी हाक मारली आणि ते तिकडे गेले. काकू चहाचे आधण ठेवायला मागच्या खोलीत गेल्या.

माझ्या वहीत त्या दिवशी ७.५० ची नोंद आहे : "मूठ पूर्ण." त्यानंतरची नोंद ८.०५ ची आहे : "निघाले." मधली पंधरा मिनिटे कोरी आहेत. मी दर पाच मिनिटांनी काहीतरी लिहिणारी मुलगी आहे. त्या पंधरा मिनिटांत मी छिन्नी उचलली, सुरा ऐरणीवर ठेवला, मुठीजवळ तीन ठिकाणी नखाने खुणा केल्या आणि हातोडी मारली. मधला घाव नीट बसला नाही म्हणून पुन्हा मारला. आवाज रस्त्यावरच्या ट्रकांत बुडून गेला. छिन्नी मी होती त्याच जागी, त्याच कोनात परत ठेवली. तो कोन मला अजून आठवतो. मग काकूंच्या हातचा चहा घेतला आणि "छान झालाय" म्हणाले.

प्रात्यक्षिक चांगले सुरू झाले. सुऱ्याने बांबू तोडला, दोर कापला, तारेचा फास उचकटला. कांदाही कापला, वयस्कर मजुराने घरून आणला होता आणि त्यावर बराच हशा झाला. संस्थेचे गृहस्थ वाकून छायाचित्रे घेत होते. शेवटी लाकूड फाडायचे होते. त्याच मजुराने सागाचा वाळका ओंडका उभा केला, सुऱ्याची धार त्याच्या माथ्यावर टेकवली, डाव्या हाताने मूठ धरली आणि उजव्या हातातल्या दांडक्याने पात्याच्या पाठीवर मारले. पहिला घाव. दुसरा. तिसऱ्याला कपाट आपटल्यासारखा आवाज झाला, पाते मुठीपासून अर्ध्या बोटावर तुटले आणि त्याचा डावा हात तुटक्या कडेवरून घसरला.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा कापली गेली. चार टाके पडले. चार हा आकडा मी त्याच संध्याकाळी वहीत लिहिला. लिहायची सवय लाजेनेही सुटत नाही.

पण टाके पडण्याआधी, हाताला गमछा बांधून बसलेला असतानाच, त्या माणसाने मुठीचा तुकडा उलटून पाहिला. "अरे," तो म्हणाला, "हे त बुढ्याचं निशान हाये. तीन टिंबं." त्याने तुकडा दुसऱ्याकडे दिला. तो हातोहात फिरला.

"तीन घाव खाल्ले म्हनते अन् तिसऱ्यातच गेला!"

"हात गेला आता बुढ्याचा. डोये गेले असन."

"माह्या घरी त्याचीच कुऱ्हाड हाये राजा. आता पायावर पडली म्हंजे?"

मी दोन पावलांवर उभी होते. एका वाक्याचे काम होते. गृहस्थांनी माझ्याकडे वळून विचारले, "काय झाले असावे?" आणि मी म्हणाले, "उष्णता-प्रक्रियेत स्थानिक पातळीवर काही तफावत राहिली असावी."

मी ज्या घरात वाढले तिथे अशी वाक्ये जेवणाच्या ताटाशी ऐकली आहेत. असे निदर्शनास आले आहे. विलंब झाला आहे. नस्ती गहाळ झाली आहे. कोणी पाहिले, कोणी विलंब केला, कोणाच्या हातून गहाळ झाली, ते त्यात नसते, आणि बोलणाऱ्याचे ताट स्वच्छ राहते. माझे शिक्षण अशा वाक्यांच्या विरुद्ध झाले होते, कारण प्रयोगवहीत प्रत्येक कृतीला करणारा असतो. पण वेळ आली तेव्हा घरची भाषाच आधी तोंडात आली. गृहस्थांनी "स्थानिक पातळीवर" एवढे शब्द टिपून घेतलेले मी पाहिले.

पात्याचा तुकडा घेऊन मी नागपूरला गेले आणि जुन्या प्रयोगशाळेत त्याचे काठिण्य मोजले. ६१, ६१, ६२. तुटलेल्या तोंडावर कण उघडे, राखाडी आणि चमकदार होते. कुठेही ताणल्याची खूण नव्हती. पहिल्या सत्रातल्या विद्यार्थ्यालाही कारण सांगता आले असते. लोहाराच्या कामात दोष नव्हता. आराखड्यातली ती आडवी रेघ पोलादात दिसत होती. हे कळल्यावरही मी काकांकडे लगेच गेले नाही. दोन आठवडे मधे गेले. मधल्या शनिवारी मी स्वतःला सांगितले की आधी अहवाल पूर्ण करू.

८ फेब्रुवारीला गेले तेव्हा भट्टी पेटलेली नव्हती. काका खाटेवर बसले होते. ठोकळ्याला टेकवून चार कुऱ्हाडी ठेवलेल्या होत्या. मी त्या दुरुस्तीला आलेल्या समजले.

"परत आल्या," काकू म्हणाल्या. "पुन्हा घाव घालून दाखवा म्हनते. आमच्यासमोर घाला म्हनते. अठ्ठावीस वर्षं झाली या गावात, कोनाची हिंमत नोती."

"दाखवतो ना," काका म्हणाले. "दाखवाले काय जाते?" आवाज नेहमीपेक्षा हळू होता. मग त्यांनी खाटेखालून एक पुरचुंडी काढली आणि सोडली. आत सुऱ्याची मूठ होती, तुटक्या पात्याच्या अर्ध्या बोटाएवढ्या तुकड्यासकट. वयस्कर मजुराने ती आणून दिली होती. काकांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"मले एक सांग, बाई. तू होती त्या दिवशी. म्या निशान मारलं का याच्यावर?"

माझी नजर मधल्या टिंबावर गेली.

"मले वाटते, नाई मारलं. हे म्हनते," त्यांनी काकूंकडे हनुवटीने दाखवले, "नाईच मारलं म्हनते. पन निशान त हाये. मंग मारलं असन. चहा घेता घेता मारलं असन. आता हे ध्यानात राहून नाई राह्यलं, त कोन्या पात्याले घाव घातला अन् कोन्या नाई, तेबी कसं ध्यानात राहीन?" त्यांनी विझलेल्या भट्टीकडे पाहिले. "चार दिवस झाले, भट्टी नाई लावली. न घाव घालता एखादं पातं जाईन हातून. कोनाचा तरी पाय जाईन."

त्या क्षणापर्यंत माझ्या मनात मी केलेल्या नुकसानाची एक यादी होती : एक हात, चार टाके, एका माणसाची गावातली पत. ही नोंद त्यात नव्हती. मी त्या माणसाचा त्याच्या स्वतःच्या स्मरणावरचा विश्वास काढून घेतला होता, आणि तो त्याच्या कामाचा सगळ्यात जुना भाग होता.

"काका, ती खूण मी मारली."

काकू आतून येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

"तुम्ही धावेचे बोलायला गेला होता. काकू चहा ठेवत होत्या. मी मारली. तुम्ही नाही मारली."

काकांनी मूठ उजेडाकडे धरली. "मधल्या टिंबाले दोन घाव मारले?"

"हो. पहिला नीट बसला नाही."

"म्हून तो खोल हाये," ते म्हणाले. आणि मग, माझ्याशी नव्हे, काकूंशी : "म्या म्हनलं नोतं का तुले? मधला माहा नोये म्हनलं नोतं?" त्यांच्या आवाजात जे होते ते समाधान होते. अंगावरून तापाची ग्लानी उतरावी तसे. माझ्याकडे पाहण्याची त्यांना त्या वेळी गरजही वाटली नाही.

काकूंना वाटली. "लाज नाई वाटली तुले?" त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडचे 'इंजनेर बाई' आणि 'तुमी' त्या दिवसापासून गेले ते गेलेच. "माह्या हातचा चहा पेली तू त्याच्यावर. छान झाला म्हनली. हा मानूस चार दिवस झाले झोपला नाई, मले विचारते, मी यडा झालो का. अन् तू तिकडे बंदुकीनं काय मोजून राह्यली होती?"

मी वही काढली. का, ते सांगता येणार नाही. कदाचित माझ्याकडे दुसरे काही नव्हते. ६१, ६१, ६२ हे आकडे दाखवले आणि दोष पोलादाला दिलेल्या पाण्यात नव्हता, मी दिलेल्या अपुऱ्या उबेत होता, हे समजावू लागले. काकांनी हात वर केला.

"मले कायले सांगते? मले त माहीतच होतं. वाकवला असता त इथंच दिसलं असतं." पुरचुंडी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "हे घेऊन जाय. जिथं मोडला तिथं सांग. ज्यायनं आयकलं त्यायले सांग."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी नऊ वाजता मी फाटकापाशी गेले. आठही जण गस्तीला निघायच्या तयारीत होते. मी आदल्या रात्री चार परिच्छेदांचे निवेदन लिहिले होते. ते न वाचता मी मूठ पुढे केली आणि म्हणाले की हा सुरा काकांनी तपासला नव्हता, मी तपासू दिला नव्हता. टिंबे काकांची नाहीत, मी चोरून मारली. आणि तो मोडला तो माझ्या चुकीने. बोलायला एक मिनिटही लागले नाही. इतक्या थोड्या वेळाचे काम मी पंधरा दिवस केले नव्हते.

कोणी ओरडले असते तर सोपे गेले असते. ज्याच्या घरी काकांची कुऱ्हाड होती तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी त कुऱ्हाड परत देऊन आलो न राजा." वयस्कर मजुराने डाव्या हाताची मूठ दोनदा उघडमीट केली, अंगठा पुरता मिटत नव्हता. "एवढं शिकली तू," तो म्हणाला, "अन् टिंबाचा अर्थ कोनी नाई सांगतला?"

"सांगितला होता."

"मंग?"

तीन टिंबे ही सही नव्हती, शोभा नव्हती. तो चाचणीचा अहवाल होता. तीन घाव घातले, तीन सोसले, एवढाच मजकूर असलेला. मी चाचणी न करता अहवाल लिहिला होता आणि खाली दुसऱ्याचे नाव घातले होते. माझ्या क्षेत्रात याला जो शब्द आहे तो मी दुसऱ्यांविषयी फार सहज वापरत आले होते.

संस्थेला मी त्याच दिवशी पत्र लिहिले. "मी" या शब्दाने सुरू होणारी सहा वाक्ये. गृहस्थांचे उत्तर सभ्य होते आणि दोन ओळींचे होते. प्रस्ताव बाद झाला. घरी वडिलांनी पत्राची प्रत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "इतके स्पष्ट लिहायची गरज नव्हती."

दुसरा सुरा कोणी मागितला नव्हता. मीच काकांना विचारले; आठवड्याने ते म्हणाले, "ये. पन बंदूक घरी ठेवजो." २२ फेब्रुवारीला सकाळी साडेसहाला मी भात्याचा पंखा फिरवायला बसले. काकूंनी घण मारला. या वेळी पाठ तेलाबाहेर राहिली. ऊब धारेकडे उतरताना मी डोळ्यांनी पाहिली : गवती पिवळा, सोनेरी, तपकिरी, आणि जांभळ्याची पहिली रेघ येताच पाते आत. पुढचे दोन आठवडे घासण्यात आणि मूठ बसवण्यात गेले. पॉलिश फारसे केले नाही. मधे एकदा नागपूरला जाऊन मोजले : धार ५६, पाठ ४०.

मग ठोकळा. टोक फटीत, पाते बाजूला वाकले, पाते सरळ परत आले. ऐरणीच्या कडेवर पहिला घाव, दुसरा, तिसरा. काही झाले नाही. काकांनी पात्यावरून नख फिरवले आणि मान डोलावली. मी छिन्नीकडे पाहिले. ती नेहमीच्या जागी नव्हती. काकूंच्या कमरेच्या पिशवीत होती, आणि ती त्या दिवसापासून तिथेच असते.

"टिंबं?" मी विचारले.

"त्याले दे," काका म्हणाले. 'त्याले' म्हणजे वयस्कर मजुराला. "एक पावसाळा वापरू दे. लाकूड फाडू दे, तार उचकटू दे. मंग घेऊन येऊ दे. मंग पाहू."

"पण काका, तिन्ही घाव तर खाल्ले त्याने."

"त्यानं खाल्ले," काका माझ्याकडे पाहत म्हणाले आणि सांडशी खाली ठेवली.

काकूंनी चहा आणला. त्यांनी माझा कप माझ्या हातात न देता खाटेच्या कडेवर ठेवला. मी सुरा गोणपाटात गुंडाळला, त्या मजुराच्या गावाकडे निघण्याआधी वही उघडली आणि तारीख टाकली. ८ मार्च, सकाळी सात वाजून पन्नास मिनिटे. पाते क्रमांक दोन. धार ५६. पाठ ४०. घाव ३. टिंबे ०.